वाळूच्या दगडातलं पाणी

बोअरचं मशीन वावरात शिरलं तेव्हा सून लिंबाचं वाळलेलं खोड खणून काढत होती. एकेकाळी या बागेत एकशे चाळीस झाडं होती. आधी विहीर आटली, मग तिच्या तळातलं बोअर आटलं, आणि तीन उन्हाळ्यांत झाडं उभ्या उभ्या खडखडीत वाळली. आता ती चुलीच्याच कामाची. मुळं काही सुटत नव्हती. तिने कुदळ टाकली, कमरेवर हात ठेवले आणि बांध ओलांडणारं ते धूड बघत राहिली.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचे सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, तीही म्हणायची. नवरा तीन वर्षांपूर्वी शहरातल्या शीतगृहात कामाला लागला होता. आठवीतली मुलगी शाळेसाठी त्याच्याजवळ. जाताना तो म्हणाला होता, "पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी मी इथे." ते वाक्य तिने इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की त्यातून त्याचा आवाज निघून गेला होता, नुसते शब्द राहिले होते.

मशीनमागोमाग जीपमधून भूजल खात्याच्या मॅडम उतरल्या. काटकुळ्या, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, पायात चिखलाने माखलेले बूट. त्यांनी ओट्यावर नकाशा पसरला.

"काका, वरचं पाणी संपलंय. पण दोनशे मीटरच्या खाली वाळूच्या दगडाचा थर असावा. त्यात पाणी आहे का, किती आहे, आणि शेतीसाठी उपसलं तर टिकेल का, एवढं तपासायचंय."

"आहे ना," आबा म्हणाले.

"तेच बघायला आलेय."

"बघा की. आहेच."

मॅडमना हसू आलं. त्यांना हाताशी एक लिहिता-वाचता येणारं माणूस हवं होतं. आबांनी बागेकडे तोंड करून आवाज दिला, "सूनबाई! इकडे ये." मग मॅडमकडे वळून, छाती थोडी पुढे काढून म्हणाले, "बारावी आहे. पास."

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम सुरू झालं. दर तीन मीटरला खालून येणारा चिखल चाळणीत घ्यायचा, धुवायचा, राहिलेला चुरा पिशवीत भरायचा आणि वर खोली लिहायची. ड्रिलर धिप्पाड होता, कानात कापसाचे बोळे घालायचा. गावाने दोन दिवसांत त्याचं नाव भोकपाडे ठेवलं होतं, आणि त्याला ते आवडलंही होतं.

"वहिनी, घ्या!" तो ओरडायचा. मशीनच्या धडधडीत शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसता उघडलेला जबडा दिसायचा. ती बादली घेऊन पळायची. पहिले चार दिवस राखाडी माती आली. ती इतकी चिकट की बोटांच्या बेचक्यांत बसायची आणि वाळली की कातडी ओढायची. मग काळा दगड. हातांना चिरा पडल्या. संध्याकाळी ती त्यांना तेल लावत बसली की आबा विचारायचे, "आज किती?"

"एकशे अडतीस."

"म्हणजे आपली विहीर किती वेळा?"

"साडेसात वेळा तरी."

आबा मनाशीच बोटं मोजायचे. ती विहीर त्यांनी तरुणपणी भावाबरोबर स्वतः खणली होती. अठरा मीटरला दोन वर्षं लागली होती.

नवव्या दिवशी दुपारी मशीनचा आवाज बदलला. पाती एकदम सरसर उतरायला लागली. भोकपाडेने हात वर केला, तशी ती चाळणी घेऊन पळाली. चाळणीत चिखल नव्हता. पिवळसर पांढरे दाणे होते, साखरेसारखे. मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं, मग तिच्या हातात दिलं. दाणे गोल होते, घासून घासून गुळगुळीत झालेले.

"ही नदीची वाळू," मॅडम म्हणाल्या.

"इथे कुठली नदी?"

"होती. गेली. वाळू राहिली, तिचा दगड झाला."

पुढचे ऐंशी मीटर तोच दगड लागला. मग भोकात हवा सोडली आणि पाणी उसळलं. आधी गढूळ, मग दुधाळ, मग नितळ. पुरुषभर उंच. लोक बांधांवरून धावत आले. गिरणीवाला पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट आला. आबा मात्र सावकाश चालत गेले. त्यांनी ओंजळ धरली, प्यायले, आणि चमकून तिच्याकडे बघितलं.

"कोमट आहे गं."

"खोलचं असतं तसं," मॅडम म्हणाल्या.

आबांनी पुन्हा ओंजळ भरली, तोंड धुतलं, आणि धुतच राहिले. कितीतरी वेळ त्यांनी चेहऱ्यावरचे हात काढलेच नाहीत. सून पुढे झाली नाही. म्हाताऱ्या माणसाला रडायला तेवढा आडोसा पुरे होता.

मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाणी लागलं म्हणजे पाणी मिळालं असं नाही. चाचणी बाकी आहे." पण ते ऐकायला कोणाचे कान मोकळे नव्हते. आबांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "अरे, लागलं! पुरुषभर उडतंय! हे ऐक," म्हणून त्यांनी फोन पाण्याजवळ धरला.

नंतर तिच्या हातात फोन आला. नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. मागे शीतगृहाच्या पंख्यांची घरघर.

"खरंच?"

"खरंच. माझा पदर भिजलाय."

"मालकाला सांगून टाकू? एक तारखेला सांगितलं की महिन्याभरात सुटेन." मग जरा थांबून, हळू आवाजात, "वरच्या खोलीतली कणगी हलवून ठेव. छकुलीला अभ्यासाला जागा लागेल."

त्याच दिवशी तिने कणगी हलवली. एकटीने, ढकलत ढकलत. खोली झाडली, खिडकीची काच ओल्या फडक्याने पुसली. काचेतून थेट बोअर दिसत होतं. इथे मुलगी बसेल, असं म्हणून ती स्वतः तिथे थोडा वेळ बसून राहिली.

चाचणीसाठी तीनशे पावलांवर दुसरं, बारीक भोक पाडलं होतं. मोठ्या बोअरला पंप लावून तीन दिवस अखंड उपसा करायचा आणि बारीक भोकात पाणी किती उतरतं ते मोजायचं, असं ते काम. मॅडमनी तिला पट्टी दिली. रिळावर गुंडाळलेली लांबच लांब पट्टी, टोकाला शिशाचं वजन. वजन पाण्याला टेकलं की वर रिळातून पीक करून आवाज यायचा. तिथला आकडा वाचायचा, वेळ लिहायची.

"पंप सुरू व्हायच्या आधीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा," मॅडम म्हणाल्या. "तो तुम्हीच घ्या."

तिने पट्टी सोडली. पीक. एक्केचाळीस मीटर वीस. तीनदा मोजलं, तीनदा तेच. म्हणजे दोनशे मीटरखालचं पाणी भोकातून आपल्या जोराने इतकं वर चढून उभं होतं. तिला ते एखाद्या जिवंत माणसासारखं वाटलं, दाराशी येऊन थांबलेल्या.

दिवसाची पाळी तिची, रात्रीची भोकपाडेच्या माणसांची. डोक्यावर छत्री बांधून ती खोक्यावर बसायची. सुरुवातीला दर मिनिटाला, मग दर दहा, मग दर अर्ध्या तासाला आकडा. पाणी उतरत होतं, ते उतरणारच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते अचानक भराभर उतरू लागलं. तिला वाटलं आपलीच चूक. वजन पुसलं, पुन्हा सोडलं. चूक नव्हती.

मॅडमनी वही बघितली आणि त्या आकड्यांखाली दोनदा रेघ ओढली. तिला ती रेघ आवडली नाही.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली. उपसलेलं पाणी पेटीतून मोजून थेट नाल्यात सोडायचं असा नियम होता. आबांना ते बघवेना. त्यांनी फावडं घेतलं, पाट फोडला आणि पाणी लिंबाच्या ओळीत वळवलं. मेलेल्या झाडांच्या आळ्यांत पाणी भरायला लागलं. आबा पाण्याच्या पुढे पुढे चालत होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांनी ढेकळं फोडत. असे झरझर चालताना तिने त्यांना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

मॅडम धावत आल्या. "काका, बंद करा! मापाच्या पेटीत पाणी तुंबलं, माझे आकडे चुकले!"

"वाया चाललंय हो बाई."

"आत्ताच्या आत्ता बंद करा!"

बांधावर दहा-बारा माणसं होती. कोणीतरी खुसखुसलं. आबा फावडं धरून उभे राहिले. आपल्याच वावरात, आपल्याच पाण्यासाठी, नातीच्या शाळेतल्या ओरडा खाल्लेल्या पोरासारखे. मग खाली वाकून त्यांनी एकेक फावडं माती टाकत पाट बुजवला. शेवटची माती पायाने दाबली आणि मान न उचलता घरी गेले. मॅडमचाही चेहरा उतरला होता. "ताई, मला ओरडायचं नव्हतं," त्या नंतर म्हणाल्या. सून म्हणाली, "माहीत आहे." पण त्या रात्री आबा अर्धवट ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी पंप बंद झाला. रान एकदम इतकं शांत झालं की कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं. आता पाणी परत वर चढतं का, ते मोजायचं होतं. पंप बंद झाला तेव्हा आकडा होता छप्पन्न दहा. संध्याकाळपर्यंत पन्नास. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. तिला घरून डबा आणायचंही भान राहिलं नाही. ती पट्टी सोडायची आणि मनात म्हणायची, ये. अजून थोडं ये.

पाचव्या दिवशी चव्वेचाळीस तीस. आठव्या दिवशी चव्वेचाळीसला टेकलं. दहाव्या दिवशी त्रेचाळीस पंच्याऐंशी. अकराव्या दिवशी त्रेचाळीस पंच्याऐंशी. बाराव्या दिवशी तिने सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, उन्हं कलल्यावर मोजलं. पीक, पीक, पीक. एक बोटही वर नाही.

मॅडम ओट्यावर चहा घेत होत्या. ती वही घेऊन समोर बसली.

"अडीच मीटरच्या वर कमी आहे. येईल का?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "ताई, खालचा दगड अखंड नाही. तुटलाय. तुमच्या गावाखालचा तुकडा पेटीसारखा चारी बाजूंनी बंद आहे. दुसऱ्या दिवशी पाणी भराभर उतरलं ना, तेव्हा आपण पेटीच्या भिंतीला टेकलो. पेटीत पाणी भरपूर आहे. पण बाहेरून आत येणारं जवळजवळ नाहीच."

"पाऊस पडला तर?"

"वर जाड चिकट माती आहे. तुम्हीच धुतलीत ती. तिच्यातून काय खाली उतरणार? हे पाणी पावसाचंच आहे, पण तो पाऊस बघायला माणसं होती की नाही, सांगता यायचं नाही."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. चिरा अजून बुजल्या नव्हत्या.

"किती बोअर चालतील?"

"गावाने किती अर्ज केलेत?"

"एकतीस."

"एकतीस बोअर घेतली तर दहा-बारा वर्षं मजा. मग हीसुद्धा विहिरीसारखी. प्यायलाही नाही."

आबा आतून ऐकत होते. ओट्यावर आले नाहीत.

महिनाअखेर आली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. आबांनीच उचलला. "हो रे. ये. ये तू," ते म्हणाले. "चाचणीबिचणी काय, चालूच असतं ते. पाणी आहे म्हणजे आहे. उद्या सांगून टाक मालकाला."

ती चुलीपाशी होती. उठली, हात पुसले आणि एक पुढे केला. आबांनी क्षणभर फोन सोडला नाही. मग दिला.

"ऐकलंस ना?" नवरा हसत होता. "छकुलीने तर दप्तरही भरलंय. तुला काय आणू?"

"काही आणू नका," ती म्हणाली. पुढचं बोलायच्या आधी तिने भिंतीला पाठ टेकवली. "येऊ नका, अहो."

"काय?"

"नोकरी सोडू नका. पाणी परत चढत नाहीये."

"आबा तर म्हणतात—"

"मी मोजतेय. आबा नाही."

पंख्यांची घरघर.

"तुला मी यायला नकोय का?" त्याने विचारलं. रागाने विचारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"वरची खोली झाडून ठेवलीये," ती म्हणाली. "रोज झाडते." तिकडे सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि फोन बंद झाला.

चुलीवरचा भात खाली लागला होता. आबा कोपऱ्यात बसून होते. "एक महिना तरी त्याला आशेवर राहू द्यायचं होतंस," ते म्हणाले, आणि पुढचे सहा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चहा पुढे ठेवला की घ्यायचे. रिकामा कप तिथेच ठेवून उठायचे.

सातव्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत बैठक झाली. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. मॅडमनी सांगितलं, की एकतीस बोअर नाहीत, तीनच, गावाच्या मालकीची. आधी प्यायला, मग उरलेल्यातून प्रत्येक घराला अर्ध्या एकरापुरतं. दरमहा पातळी मोजायची, आणि ती ठरलेल्या आकड्याखाली गेली की शेतीचं बंद. बोअर व्हायला वर्ष लागेल.

खोलीत एकच गलका झाला. गिरणीवाला बाकावर चढला. "पुरुषभर पाणी उडालेलं आम्ही डोळ्यांनी बघितलंय! आकडे कुणी घेतले? एका बाईमाणसाने! उन्हात बसून डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, चाळीसचं त्रेचाळीस लिहिलं असेल!"

लोक हसले. ती मागच्या भिंतीशी उभी होती. तिने वही छातीशी घट्ट धरली.

"बरोबर आहेत आकडे," मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून बघितलं. आबा उठत होते. बाक बुटका असल्याने त्यांना उठायला वेळ लागला, आणि तोवर खोली गप्प झाली.

"मी मोजलंय," आबा म्हणाले. "सहा दिवस. पहाटे, ही उठायच्या आत. पट्टी घरातच असते. मला वाटत होतं सुनेचं कुठेतरी चुकतंय. चुकावं असं वाटत होतं. देवाशप्पथ सांगतो, सहाही दिवस मी तिची चूक शोधायला गेलो." त्यांनी गिरणीवाल्याकडे बघितलं. "मला लिहिता येत नाही, पण आकडा ओळखतो. त्रेचाळीस पंच्याऐंशी. तुला पटत नसेल तर उद्या पहाटे ये, माझ्याबरोबर चल. अंधारी येऊ नये म्हणून चहा पाजतो."

कोणी हसलं नाही. गिरणीवाला बाकावरून उतरला. ठराव झाला, पण कोणी खुशीने हात वर केला नाही.

पुढच्या रविवारी नवरा आणि छकुली दोन दिवसांसाठी आली. मुलगी आईच्या कानाएवढी झाली होती. आईने तिला जवळ घेतलं तर आपली हनुवटी तिच्या कपाळाला लागली, आणि दोघीही हसल्या. नवऱ्याचे हात थंडीने फुटून पांढरे पडले होते. तिने आपले हात त्यांच्याशेजारी ठेवून बघितले. कोणाच्या चिरा जास्त, ते ठरेना.

तो बोअरपाशी गेला, स्वतः पट्टी सोडली, आवाज ऐकला. मग रीळ गुंडाळत म्हणाला, "अर्ध्या एकराला किती माणसं लागतील?"

"दीड," ती म्हणाली. "एक मी, अर्धे आबा."

तो हसला. हसताना त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. परत जाईपर्यंत नोकरीचं कोणी बोललं नाही. वरच्या खोलीत छकुलीने एक दुपार अभ्यास केला, तेवढाच खिडकीचा उपयोग झाला.

एसटी गेली. धूळ बसेपर्यंत ती रस्त्यावर उभी राहिली. घरी आली तर आबा ओट्यावर पट्टीचं रीळ मांडीवर घेऊन बसले होते.

"तू जा त्यांच्याकडे," ते म्हणाले. "बोअर होईपर्यंत. वर्षभर."

"आणि तुम्ही?"

"मला काय झालंय? भात येतो. पट्टी येते."

"लिहायचं कुणी? मॅडमना वही लागते."

आबांनी रीळ बाजूला ठेवलं. "शिकव."

अकरा दिवस लागले. सकाळचं ऊन ओट्यावर आलं की दोघं वही घेऊन बसायची. विहीर खणलेल्या बोटांत पेन्सिल टिकेना. दोन मोडल्या. चार जमला, तीन जमला, आठचं वळण मात्र दरवेळी उलट्या बाजूला जाई. "हा आठ पाय घसरून पडलाय," ती म्हणायची. "म्हातारा आहे, पडणारच," आबा म्हणायचे. बाराव्या दिवशी त्यांनी एकट्याने पूर्ण आकडा लिहिला, तारखेसकट. ती बघत राहिली. आकडा नीट होता. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिला ते असायला हवं होतं.

एका पिशवीत मावेल तेवढं घेऊन ती शहरात गेली. खोली लहान होती, शीतगृहाच्या भिंतीला लागून. भिंतीला हात लावला तर गार. संध्याकाळी तिघं एका ताटाभोवती बसायची, मुलगी शाळेतलं सांगायची, नवरा ऐकता ऐकता पेंगायचा. तीन वर्षं ती याचीच वाट बघत होती. तरी सकाळी उन्हाचा पहिला कवडसा जमिनीवर पडला की तिचा हात आपसूक वही शोधायचा.

पहिल्या महिन्याच्या शेवटी दुपारी फोन वाजला. आधी नुसताच वारा ऐकू आला, मोकळ्या वावरातला.

"आबा?"

"लिहून घे. त्रेचाळीस पंच्याऐंशी. हलत नाही."

"तुम्ही कसे आहात?"

"तसाच. मीही हलत नाही. ठेवू?"

सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं तिला. आकडा, वारा, दूर कुठेतरी कुणीतरी जनावराला घातलेली हाक. ती भिंतीपासून दूर, दारात जाऊन उभी राहिली आणि फोन कानाला घट्ट लावला.

"नीट ऐकू आलं नाही, आबा," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."